‘परवडत नाही’ : सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या वादातील एका वाक्याची तपासणी

सर्वांना आरोग्यसेवा मिळावी की नाही, या प्रश्नाला उघडपणे ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात सापडणे कठीण आहे. समित्यांचे अहवाल, पंचवार्षिक योजना, १९८३, २००२ आणि २०१७ ची तिन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणे; सगळीकडे हे तत्त्व या ना त्या शब्दांत मान्य झालेले आहे. वाद सुरू होतो तो पुढच्या वाक्यापासून. ‘कल्पना चांगली आहे, पण परवडणार नाही,’ हे ते वाक्य. मग वादाचे दोन गट ठरून जातात. एकीकडे माणुसकी, समता, हक्क यांची भाषा बोलणारे. दुसरीकडे तिजोरी, तूट, करदाते यांची भाषा बोलणारे. पहिल्यांना भाबडे म्हणायचे आणि दुसऱ्यांना कठोर, अशी आपली सोयीची वाटणी आहे.

ही वाटणी कागदपत्रे वाचताना टिकत नाही, असे मला या लेखात मांडायचे आहे. वैद्यक आणि अर्थशास्त्र, दोन्ही माझ्या शिक्षणाचे विषय नव्हेत. पण अहवाल हाही एक मजकूर असतो. त्यात कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, कोणता शब्द आला आणि कोणता गळला, हे कोणत्याही वाचकाला तपासता येते. मराठीत ‘परवडणे’ या क्रियापदाला ‘कोणाला’ हा प्रश्न चिकटलेलाच असतो. मला परवडते, तुला परवडत नाही. नुसते ‘परवडत नाही’ हे वाक्य अपुरे आहे. आरोग्यसेवेच्या पाऊणशे वर्षांच्या वादात हा ‘कोणाला’ बहुतेक वेळा झाकलेला राहिला. तो उघडा केला की हिशेबाचे म्हणून मांडलेले वाक्य मुळात नीतीचे होते, हे दिसू लागते.

दोन अहवाल, दोन वर्षांच्या अंतराने

भारतातील वादाची सुरुवात भोर समितीपासून करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात रेल्वे आणि व्यापार ही खाती सांभाळलेला हा माणूस. हा तपशील एवढ्यासाठी महत्त्वाचा की, ज्या अहवालाला पुढे ‘स्वप्नाळू’ म्हटले गेले, तो कोणा स्वप्नाळू माणसाच्या हातून आलेला नाही. आयुष्य अंदाजपत्रकांत आणि फायलींत घालवलेल्या प्रशासकाच्या सहीने तो आलेला आहे.

अहवालाचा पहिला खंड परिस्थितीची पाहणी करतो. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके पहिल्या वाढदिवसाआधी मरत होती. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. दुसऱ्या खंडात शिफारशी आहेत. दूरच्या टप्प्यात दहा ते वीस हजार लोकवस्तीसाठी ७५ खाटांचे रुग्णालय, जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे. तातडीच्या टप्प्यात चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

हे आकडे अनेकदा उद्धृत होतात. त्यामागचा पैशाविषयीचा युक्तिवाद मात्र फारसा वाचला जात नाही. समितीने म्हटले की सेवा सर्वांना, कसलाही भेद न करता, विनामूल्य मिळावी. आणि ज्यांना देणे शक्य आहे त्यांचा वाटा सामान्य व स्थानिक करांच्या वाटेने घ्यावा. म्हणजे श्रीमंताकडून पैसे घ्यायचेच, पण तो आजारी असताना, रुग्णालयाच्या खिडकीवर नव्हे. तो धडधाकट आणि कमावता असताना. रुग्ण दारात आल्यावर ‘हा गरीब की श्रीमंत’ हे तपासण्याचे काम या रचनेत आरोग्य खात्याकडे राहतच नाही; ते करवसुली खात्याकडे जाते. पूर्णवेळ सरकारी डॉक्टरांना खासगी व्यवसायाची मुभा असू नये, ही शिफारसही याच विचाराची पुढची पायरी होती.

या अहवालाच्या दोनच वर्षे आधी, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांचा औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्यावरील अहवाल आला होता. त्यात तत्त्व वेगळे होते : कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून निधी उभारायचा आणि वर्गणीदाराला उपचार द्यायचे. भोर समितीपुढेही सामाजिक विम्याचा पर्याय होता. ज्या देशात बहुसंख्य लोकांना ना ठरलेला मालक ना ठरलेला पगार, तिथे वर्गणी कापायची कोठून, ही अडचण पाहून तिने करांचा मार्ग निवडला. दोन्ही अहवाल हिशेबाचेच आहेत. फरक इतकाच की एकाच्या हिशेबात वर्गणीदार आहे आणि दुसऱ्याच्या हिशेबात माणूस.

पुढे काय झाले ते या फरकाच्या उजेडात पाहावे. अदारकरांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. १९५४ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांसाठी स्वतंत्र आरोग्य योजना दिल्लीत सुरू झाली. भोर समितीची प्राथमिक आरोग्य केंद्रे १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमाच्या आधाराने निघाली खरी. पण समितीने सांगितलेल्यापेक्षा कितीतरी मोठ्या लोकवस्तीसाठी आणि कितीतरी कमी माणसांनिशी. त्याच काळात, त्याच तिजोरीला सरकारी नोकराची सेवा परवडली आणि शेतमजुराची परवडली नाही. संघटित कामगाराला आणि सरकारी नोकराला जे मिळाले ते गैर होते असे म्हणायचे नाही. ते त्यांचे होतेच. पण ‘देशाला परवडत नाही’ असे म्हणताना देश एकसंध नव्हता, एवढे या तारखांवरून दिसते.

चष्मे, कवळ्या आणि एक चौकशी समिती

‘परवडत नाही’ या वाक्याचा सर्वांत बोधप्रद इतिहास भारताबाहेर, ब्रिटनमध्ये आहे. तिथे सेवा प्रत्यक्ष उभी राहिली, त्यामुळे वाक्य तपासून पाहण्याची सोय झाली.

बेव्हरिज अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये, युद्धाच्या ऐन मध्यावर आला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, घाण आणि बेकारी अशा पाच राक्षसांचे त्यातील वर्णन सर्वपरिचित आहे. त्या वाटेने जाऊन ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेला होता आणि अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी सेवा करांतून आणि घेताना विनामूल्य अशीच ठेवली. पहिल्या वर्षांत खर्च अंदाजाच्या वर गेला. चष्मे आणि कवळ्या यांची मागणी तर सगळ्या अंदाजांना ओलांडून गेली.

याचे दोन अर्थ लावता येत होते. पहिला असा की फुकट मिळते म्हटल्यावर लोक तुटून पडले. दुसरा असा की लाखो माणसे वर्षानुवर्षे अंधुक नजरेने आणि बोळक्या तोंडाने दिवस काढत होती, आणि आजवर ती कोणत्याही हिशेबात आलेली नव्हती. आकडा एकच, त्याचा अर्थ लावताना मात्र वाचणाऱ्याची माणसांविषयीची समजूत बोलत होती.

१९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी चष्मे व कवळ्यांवर निम्मा आकार बसवला. त्या वर्षी त्यातून अपेक्षित बचत होती सुमारे १ कोटी ३० लाख पौंडांची. त्याच वेळी कोरियन युद्धाच्या छायेत ब्रिटनने तीन वर्षांसाठी सुमारे ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेतला होता. बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावर हट्टीपणाचा आरोप झाला, आणि तो पूर्णपणे निराधार होता असेही नाही. पण या दोन रकमा शेजारी ठेवल्या की ‘परवडणे’ हा शब्द तिजोरीतल्या शिलकेविषयी बोलत नाही, पसंतीक्रमाविषयी बोलतो, हे लक्षात येते. गेट्सकेल यांचा पसंतीक्रम चूक होता की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. तो पसंतीक्रम होता, यावर नाही.

खरी परीक्षा पुढे झाली. ही सेवा उधळपट्टी करते आहे, या समजुतीने हुजूर पक्षाच्या सरकारने १९५३ मध्ये केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलबॉ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ या अभ्यासकांनी तिच्यासाठी खर्चाची फोड केली. जानेवारी १९५६ मध्ये अहवाल आला. १९४९-५० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेचार टक्के असलेला सेवेचा खर्च १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर आला होता. पौंडांत बोलायचे तर बिल वाढले होते, पण महागाई आणि वाढते उत्पन्न लक्षात घेता त्याचे ओझे कमी झाले होते. मोठी कपात करण्यासारखे समितीला काही सापडले नाही.

गिलबॉ अहवालाचे मोल यात आहे की, त्यात नैतिक आवाहन जवळजवळ नाही. कोरड्या तक्त्यांनीच ‘हाताबाहेर गेलेला खर्च’ ही समजूत मोडली. आजही ब्रिटनची आरोग्य सेवा लांब प्रतीक्षायाद्यांनी त्रस्त आहे, आणि तिच्या समर्थकांनी ते लपवू नये. पण सर्वांना सेवा दिली म्हणून देश दिवाळखोर होतो, हा तर्क लावायचा तर अमेरिकेचे काय करायचे? तिथे राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के भाग आरोग्यावर जातो, ब्रिटनमध्ये सुमारे ११ टक्के; आणि अमेरिकेत अडीच कोटींच्या वर माणसे तरीही विम्याविना आहेत. सर्वांना न देणे हे स्वस्त पडते, असे हे आकडे तरी सांगत नाहीत.

‘नैतिक जोखीम’ कोणाची?

हिशेबाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद अर्थशास्त्रातून आला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये एक निबंध लिहिला. आजार कधी येईल हे माहीत नसते, आणि रुग्णाला काय हवे हे डॉक्टरलाच ठाऊक असते. म्हणून वैद्यकाचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असे त्यांनी दाखवले. पाच वर्षांनी मार्क पॉली यांनी प्रतिवाद केला : खर्च दुसऱ्याने उचलला तर माणूस गरजेपेक्षा जास्त सेवा घेतो, आणि यात अनीती काही नाही, स्वस्त झालेली वस्तू अधिक घेणे हे साधे शहाणपण आहे. या प्रकाराला विमाव्यवसायातले जुने नाव आहे, ‘नैतिक जोखीम’.

पॉली नैतिकतेचा प्रश्न बाजूला काढू पाहतात, पण नाव मात्र नैतिकच राहते, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शास्त्राच्या भाषेत शिरलेला हा शब्द धोरणाच्या भाषेत येताना आपला जुना वास घेऊन येतो : लोकांना फुकट दिले की लोक बिघडतात.

हा युक्तिवाद नुसता वादापुरता राहिला नाही. अमेरिकेत रँड संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या मोठ्या प्रयोगात कुटुंबांना वेगवेगळ्या प्रमाणात खर्च स्वतः उचलायला लावून पाहिले. खर्चाचा वाटा वाढला तशी सेवेची मागणी घटली, हे सिद्ध झाले. पॉली तेवढ्यापुरते बरोबर ठरले. पण त्याच प्रयोगात असेही दिसले की लोकांनी अनावश्यक उपचार जितके टाळले तितकेच आवश्यकही टाळले. पैशाचा अडसर दोन्हींना सारखाच अडवतो. कोणता उपचार गरजेचा हे त्याला कळत नाही, रुग्णालाही पुष्कळदा कळत नाही. अ‍ॅरोंचा मुद्दा इथे मागच्या दाराने परत येतो.

आणि जोखीम एकाच बाजूला का मोजायची? प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळणाऱ्या रुग्णालयाला नको असलेली शस्त्रक्रिया सुचवण्याचा मोह होतो. दावे नाकारून नफा वाढणाऱ्या विमा कंपनीला दावे नाकारण्याचा मोह होतो. आपल्या चर्चेत ‘नैतिक’ हे विशेषण मात्र बहुधा रुग्णाच्याच वाट्याला येते.

शब्द कसे बदलले

भारताकडे परत येऊ. १९४६ च्या अहवालात सेवेचा धनी ‘व्यक्ती’ होती. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांना मुकू नये, हे तिथले पहिले मार्गदर्शक तत्त्व. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, आणि भारताच्या १९८३ च्या धोरणाने इ. स. २००० हे वर्ष त्यासाठी धरले. पण १९८७ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांना सरकारी दवाखान्यांत शुल्क लावण्याचा सल्ला दिला, आणि भाषा बदलू लागली. २००२ च्या धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०१० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. नियोजन आयोगाने नेमलेल्या डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या उच्चस्तरीय गटाने २०११ मध्ये पुन्हा भोरांच्या वाटेवर जाऊन सांगितले : मुख्य भर करांवर ठेवा, रुग्णांकडून शुल्क घेऊ नका, विमा कंपन्यांना मध्ये आणू नका, खर्च २०१७ पर्यंत अडीच टक्क्यांवर आणि २०२२ पर्यंत तीन टक्क्यांवर न्या.

‘२०१५ चे धोरण’ म्हणून आलेल्या नव्या धोरणाच्या मसुद्यात आरोग्याच्या हक्काचा कायदा करण्याचा विचार होता. २०१७ च्या अंतिम धोरणातून तो गेला. त्याच्या जागी टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या ‘आश्वासना’ची भाषा आली, आणि अडीच टक्क्यांची मुदत २०२५ वर गेली. हक्क नाकारला गेला तर न्यायालयात जाता येते. आश्वासनाची फक्त वाट पाहता येते. एका शब्दाच्या बदलीने राज्याची जबाबदारी एवढी हलकी होते.

सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत सेवेचा धनी आणखी बदलला. आता तो ‘लाभार्थी कुटुंब’ झाला. सुरुवातीस सुमारे १०.७४ कोटी कुटुंबे, २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतील निकषांवर निवडलेली, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार. २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना तिच्यात आणले गेले. या योजनेने अनेकांचे प्राण आणि अनेकांची शेती वाचवली असेल; ते हलके लेखण्याचे कारण नाही. पण तिच्या रचनेत एक उघडी फट आहे. रुग्णालयात दाखल न होता होणारा खर्च तिच्या बाहेर आहे. मधुमेहाची महिन्याची गोळी, रक्तदाबाची तपासणी, लेकराच्या तापाचे तीन दिवस. घरखर्चाचा मोठा भाग अशाच औषधांवर आणि बाहेरच्या तपासण्यांवर जातो. गोळी न परवडल्याने मूत्रपिंड निकामी झाले की मग डायलिसिस योजनेत बसते. हिशेबाच्याच दृष्टीने पाहिले तरी ही रचना महागडी आहे.

याउलट थायलंडकडे पाहावे. १९९७ च्या आशियाई आर्थिक पडझडीची सुरुवात तिथूनच झाली. त्यानंतर पाचच वर्षांत, २००२ मध्ये, त्या देशाने सर्वांना आरोग्य कवच दिले. पैसा करांतून आला, रुग्णाकडून एका भेटीला तीस बाट घेतले गेले, आणि नोंदलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम रुग्णालयाला दिली गेली. बाह्यरुग्ण सेवा आणि प्रतिबंध हे त्या रचनेचा पायाच होते. भारतातही तामिळनाडूने १९९५ पासून औषधे एकत्रित खरेदी करून दवाखान्यांत देण्याची व्यवस्था बसवली. एकगठ्ठा घेतलेले औषध दुकानातल्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. महाराष्ट्राने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये.

फुकट, मोफत, धर्मादाय

महाराष्ट्रात या वादाला भाषेचा आणखी एक पदर आहे. पैसे न घेता मिळणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे तीन शब्द आहेत. ‘विनामूल्य’ सरकारी परिपत्रकात राहतो, ‘मोफत’ फलकावर, आणि ‘फुकट’ घरातल्या बोलण्यात. ‘फुकट’मध्ये तुच्छता आहे, ‘फुकटचे पचत नाही’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक करांतून चालणारी सेवा यांपैकी कशातच नीट बसत नाही. तिचे पैसे आधीच दिलेले असतात. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर सर्वांत गरीब माणूसही कर भरतो. ‘आगाऊ भरलेली’ असा तिचा खरा अर्थ; पण त्यासाठी रोजच्या वापरातला शब्द आपण घडवला नाही.

दुसरा शब्द ‘धर्मादाय’. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची आहे. तरतूद चांगली आहे. पण तिच्यात रुग्णाला आधी आपले ‘निर्धन’पण कागदावर सिद्ध करावे लागते. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, तलाठ्याची सही. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या नातलगाने हे गोळा करत फिरायचे. भोर समितीने ऐपतीची तपासणी दवाखान्याच्या दारातून काढून करखात्यात नेली होती, ती का, हे इथे कळते.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याकडे मोठ्या अर्थाने घडला. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. जोतीराव फुले यांच्या शेवटच्या पुस्तकाच्या नावात तो शब्द आहे. सर्व जनांचा, म्हणजे माझाही, असा त्याचा अर्थ. आरोग्याच्या बाबतीत तो फक्त खात्याच्या नावात उरला. दवाखाना मात्र ‘सरकारी’ झाला, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी. जो दवाखाना मध्यमवर्ग आपला मानत नाही, त्याच्यासाठी तो भांडत नाही. आणि ज्याच्यासाठी बोलणारा कोणी नाही तो सुधारत नाही. आज जोतीरावांच्या नावाने राज्याची जन आरोग्य योजना चालते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही योजना पुढे सर्व राज्यात गेली आणि २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेऊन ती सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सर्व शुल्क रद्द झाले. ही पावले तत्त्वतः भोरांच्या दिशेची आहेत. शुल्क गेले तरी औषध बाहेरून आणायला सांगितले जात असेल, तर मात्र खर्चाने फक्त खिडकी बदलली असे म्हणावे लागेल.

हक्क आणि हिशेब

आतापर्यंत हिशेबाच्या बाजूची तपासणी झाली. नीतीच्या बाजूलाही काही विचारायला हवे.

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही, म्हणून परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून उपचार झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, २५,००० रुपये भरपाई दिली, आणि पैशाची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे स्पष्ट केले. ‘परवडत नाही’ या वाक्याला आपल्या देशात मिळालेले हे सर्वांत ठाम उत्तर आहे. तरीही त्या निकालाने खाटा आपोआप वाढल्या नाहीत. न्यायालय जबाबदारी ठरवू शकते. अंदाजपत्रक मांडू शकत नाही.

मार्च २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला, तेव्हा हीच उणीव दुसऱ्या बाजूने दिसली. आगाऊ पैसे न मागता तातडीचा उपचार द्यावा, ही अट खासगी डॉक्टरांना खटकली आणि त्यांनी दवाखाने बंद ठेवले. त्यांच्या विरोधात स्वार्थ होता, हे खरे. पण त्यांचा एक प्रश्न वाजवी होता : या उपचाराचे पैसे कोण, किती आणि केव्हा देणार? कायद्याकडे त्याचे नेमके उत्तर नव्हते. एप्रिलच्या सुरुवातीस समझोता झाला तो बहुतांश खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवून. हक्काची घोषणा करून तिचा खर्च तिसऱ्याच्या नावे मांडला, तर ती घोषणा पहिल्याच वादळात आखडते. सर्वांसाठी आरोग्य मागणाऱ्यांनी कर किती, कोणावर आणि कोणत्या कामासाठी, हे बोलण्याचा संकोच सोडला पाहिजे. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये मिळून गोळा होणारा कर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. तो वाढवायचा की आहे त्यातून आरोग्याचा वाटा वाढवायचा, हा प्रश्न नीतीच्या बाजूचाही आहे.

खर्च होतोच

शेवटी मूळ वाक्याकडे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. या घटीच्या पायाशी २०१७-१८ च्या नमुना पाहणीचे आकडे असल्याने अभ्यासकांनी तीवर शंका घेतली आहे. ती घट जशीच्या तशी मान्य केली, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणसाचे घर देते. त्याच काळात सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला, तोही महासाथीच्या वर्षांत. २००२ च्या धोरणाने २०१० साठी ठरवलेले दोन टक्के त्यानंतरही गाठले गेले नव्हते.

म्हणजे देश आरोग्यावर खर्च करतोच आहे. प्रश्न तो खर्च कोणत्या वाटेने जातो एवढाच. करांच्या वाटेने गेला तर तो सर्वांवर, ऐपतीप्रमाणे आणि आधी वाटला जातो. खिशाच्या वाटेने गेला तर तो आजारी माणसावर, ऐपत न पाहता, आणि ऐन अडचणीच्या दिवशी पडतो. दागिने गहाण पडतात, बैलजोडी विकली जाते, मुलीचे शिक्षण थांबते. हाही एक करच आहे. फक्त तो आजारावर लावलेला आहे, आणि आजार जितका मोठा तितका त्याचा दर चढा आहे. असा कर कोणत्याही विधिमंडळात मांडला तर एकही हात वर होणार नाही. तो कोणी मांडलेला नाही, म्हणूनच तो चालू आहे.

तेव्हा यापुढे कोणत्याही व्यासपीठावरून ‘सर्वांना आरोग्यसेवा परवडत नाही’ असे ऐकू आले, तर ‘कोणाला?’ एवढेच विचारावे. उत्तर ‘तिजोरीला’ असे आले तर पुढचा प्रश्न : मग कोणाला परवडते असे आपण धरून चाललो आहोत? त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजपत्रकाच्या पुस्तकात सापडत नाही. ते गावोगावच्या सावकारांच्या वह्यांत आणि सोनेतारण कर्जाच्या पावत्यांवर लिहिलेले असते. आपल्या आरोग्याच्या अर्थकारणाचा इतिहास लिहायचा तर ही कागदपत्रेही समित्यांच्या अहवालांइतकीच बारकाईने वाचावी लागतील.